मुलींना सॉफ्टबॉल शिकवताय? या चुका टाळा, पिचिंगमधल्या तर नक्कीच

सुरुवात पिचिंगपासूनच, म्हणजे बॅटरकडे बॉल टाकण्यापासूनच करतो, कारण टीमचं निम्मं टेन्शन तिथंच असतं. नऊ-दहा वर्षांची मुलगी सर्कलमधे, म्हणजे पिचरच्या गोलात उभी असते, लागोपाठ दोन-तीन बॉल बाहेर जातात आणि साइडलाइनवरून कोच ओरडतो, "अगं हळू टाक, पण आत टाक!" झालं. मुलगी हात फिरवायचाच थांबवते, बॉल नेऊन ठेवल्यासारखा टाकते, कोपर ताठ, मनगट लॉक, आणि नजर कॅचरपेक्षा जास्त डगआउटकडे (टीम बसते ती जागा). त्या बॅटरचा वॉक (चार बॉल बाहेर गेले की फुकटात पहिला बेस) वाचतो, पण ही सवय दोन वर्षं जात नाही हे मी परत परत बघितलंय. विंडमिलमधे, म्हणजे हात पवनचक्कीसारखा फिरवून खालून बॉल टाकण्यात, वेग येतो तो हाताच्या पूर्ण, सैल, जोरदार गोल फिरण्यातून, पायाच्या ढकलण्यातून आणि मांडीजवळ बॉल सुटताना मनगटाच्या झटक्यातून. हळू टाक म्हटलं की या तिन्ही गोष्टी एकदम बंद पडतात. म्हणून लहान वयात आधी जोर, नेम नंतर. बॉल कॅचरमागच्या जाळीला, बॅकस्टॉपला जाऊन आपटू देत, वॉक होऊ देत, त्या वयाच्या मॅचमधे वॉक होणारच, त्याची तयारी आपल्याच मनाने करायची असते.

आता नेम चुकतोय तर बघायचं कुठं? "नीट टाक" हे वाक्य सोडून द्या, त्यातून मुलीला काहीच कळत नाही. बॉल सारखा वर जातोय तर बहुतेक वेळा तो हातातून उशिरा सुटतोय, नाहीतर ती सोडताना मागे रेलतेय. खाली माती खातोय तर लवकर सुटतोय किंवा कंबरेतून पुढे वाकतेय. डावी-उजवीकडे पळतोय तर हाताचं वर्तुळ सरळ रेषेत नाही, वर जाताना हात डोक्यामागे जातोय किंवा कंबर लवकर बंद झाल्यामुळे हाताला वाट काढून बाहेरून यावं लागतंय. हे ओळखायला सगळ्यात सोपा उपाय म्हणजे जमीन बघा. पिचिंग रबरपासून (पिचर जिथून टाकते ती पट्टी) कॅचरपर्यंत मातीत एक सरळ रेघ मारा, तिला पाच-सहा पिच टाकू द्या आणि मग पुढच्या पायाचा ठसा कुठं पडला आणि मागचा पाय घासत आला त्याची खूण कशी आहे ते तिलाच बघायला सांगा. पाऊल रेघेच्या बरंच बाजूला पडत असेल तर हातात काही दोष शोधत बसू नका, आधी पाऊल. आणि घासल्याची खूण मधेच तुटून पुढे परत खोल दिसत असेल तर मागचा पाय उचलून पुढे टेकतोय आणि तिथून ती दुसऱ्यांदा जोर घेतेय. याला क्रो हॉप म्हणतात, तो इल्लीगल पिच आहे आणि लहानपणी चालवून घेतला तर मोठेपणी अंपायर एका मॅचमधे चार वेळा हात वर करतो तेव्हा मुलगी रडते. एका वेळी एकच गोष्ट सुधारायला सांगा ही मात्र हात जोडून विनंती. कोपर, मनगट, पाय, खांदा सगळं एका श्वासात सांगितलं की ती नुसती उभी राहते.

अंतर आणि बॉल हे पण तपासा. अमेरिकेतल्या बऱ्याच युथ लीगमधे 10 वर्षांखालच्या मुली 35 फुटांवरून 11 इंची बॉलने टाकतात, 12 खाली 40 फूट आणि 12 इंची बॉल, आणि पुढे 43 फूट, जे मोठ्या बायकांच्या मॅचमधे पण तेवढंच असतं. छोट्या हातात 12 इंची बॉल दिला की बोटं पोचत नाहीत, मग ती तळहातात दाबून धरते आणि मनगट चालतच नाही. कोच म्हणतो हिला स्नॅप, म्हणजे मनगटाचा झटका, जमत नाही, अहो बॉल मोठा आहे! बॅटचं पण तेच. एका हाताने बॅट आडवी सरळ धरून ती वीसेक सेकंद टिकली नाही तर बॅट जड आहे, मोठ्या बहिणीची असली तरी.

दुसरी मोठी चूक, आणि ही मला सगळ्यात जास्त खुपते, ती म्हणजे "अंडरआर्म आहे ना, मग खांद्याला काही होत नाही" हा समज. हे साफ चुकीचं आहे. विंडमिल पिचिंगवरच्या बायोमेकॅनिक्सच्या अभ्यासात खांद्यावर येणारा ताण बेसबॉलच्या ओव्हरहँड पिचरच्या जवळपास जाणारा निघालाय, आणि खांद्याच्या पुढच्या बाजूला, बायसेप्सच्या वरच्या टोकाशी तो जास्त जाणवतो. तरी टीममधे एकच पिचर, शनिवारी दोन मॅच, रविवारी दोन मॅच, सगळ्या तिच्याच डोक्यावर. वरून उदाहरण देतात जपानची पिचर युकिको उएनोचं, की 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमधे तिने दोन दिवसात 413 पिच टाकले आणि जपानला गोल्ड मिळवून दिलं. टाकले, आणि ते थक्क करणारंच आहे, पण ती तेव्हा 26 वर्षांची, पूर्ण वाढ झालेली खेळाडू होती. आपल्या समोर आहे ती दहा वर्षांची, जिच्या हाडांची टोकं अजून वाढतायत. स्टॉप स्पोर्ट्स इंज्युरीज या खेळातल्या दुखापती टाळण्यासाठीच्या अमेरिकन मोहिमेच्या शिफारशीत 8 ते 10 वयाला एका मॅचमधे 50 पिच आणि दिवसात 80, 10 ते 12 ला 65 आणि 95, आणि सलग दोन दिवस टाकल्यावर तिसऱ्या दिवशी शून्य असं दिलंय. कोणाच्या तरी आईला नाहीतर आजोबांना क्लिकर द्या आणि मोजायला बसवा, प्रॅक्टिसचे पण मोजा. मुलगी खांदा चोळताना दिसली तर "दुखतंय का" विचारू नका, ती नाहीच म्हणणार, सरळ बदला. आणि त्यासाठी टीममधे तीन-चार तरी मुलींना पिचिंग शिकवावंच लागतं, ज्यांना अजून जमत नाही त्यांना पण मॅचमधे एखादी इनिंग द्यावी लागते.

कर्व्ह, राइज, स्क्रू हे वळणारे-उठणारे बॉल, हे सगळं व्हिडिओ बघून नवव्या वर्षी शिकवायची घाई नको. फास्टबॉल नीट झाला की चेंजअप. हाताचा वेग तोच आणि बॉल मात्र हळू येतो, बॅटरचा टाइमिंग बिघडतो. एवढ्यावर मुली कितीतरी वर्षं मजेत खेळतात.

प्रॅक्टिसमधली कॉमन चूक म्हणजे रांग. बारा मुली रांगेत, कोच एकीला ग्राउंडर (जमिनीवरून जाणारा बॉल) मारतोय, बाकीच्या माती उकरतायत आणि एकमेकींच्या वेण्या घालतायत. तीन-तीनचे गट करा, प्रत्येक गटाला बॉल द्या, दर दहा-बारा मिनिटांनी जागा बदला. बॉलला घाबरणाऱ्या मुलीला "घाबरू नको" म्हणून भीती जात नाही, मऊ बॉल किंवा टेनिस बॉल द्या, जवळून द्या, मग अंतर वाढवा. इनफिल्डला, म्हणजे बेसजवळ उभ्या राहणाऱ्या मुलींना, आणि पिचरला फेसमास्क घालाच. आणि वॉर्मअपमधे उडी मारून खाली येताना गुडघे आत पडतायत का ते बघा, वयात येणाऱ्या मुलींमधे गुडघ्यातल्या एसीएल नावाच्या लिगामेंटची दुखापत मुलांपेक्षा जास्त होते, नीट लँडिंग शिकवलं तर धोका कमी होतो.

टीम सांभाळताना बहुतेकांचं घोडं अडतं ते पोझिशनवर. स्वतःची मुलगी शॉर्टस्टॉपला (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधली मानाची जागा), मित्राची पिचर, आणि जी शांत आहे ती पूर्ण सीझन राइट फिल्डला, जिथं बॉल क्वचितच येतो. मुलींना हे पहिल्या आठवड्यात कळतं, फक्त बोलत नाहीत. दहा-बारा वयापर्यंत सगळ्यांना फिरवा, इनिंगवाइज चार्ट आधीच कागदावर लिहा म्हणजे मॅचच्या टेन्शनमधे हात परत त्याच नावांवर जात नाही. चूक झाल्यावर सगळ्यांसमोर झापणं टाळा, डगआउटमधे आली की बाजूला बसून दोन वाक्यात सांगा. बऱ्याच मुली एरर झाल्यावर स्वतःलाच इतकं बोलत असतात की वरून आपण बोललो की पुढचा बॉल त्यांना दिसतच नाही. टीममधे गट पडले, एकीला कोणी थ्रोइंग पार्टनर घेत नाही असं दिसलं तर जोड्या तुम्ही लावा, दर प्रॅक्टिसला वेगळ्या.

पुरुष कोच असाल तर एक गोष्ट टाळत असाल, ती म्हणजे पाळी. अकरा-बाराला मुली अचानक प्रॅक्टिस चुकवायला लागतात, पांढरी पँट घालायला नको म्हणतात, आणि कोच म्हणतो इंटरेस्ट गेला. गडद रंगाची पँट घ्या, किटमधे पॅड ठेवा आणि ते कुठं आहेत हे सगळ्यांना सांगून टाका, टीमसोबत एक बाई असिस्टंट असू द्या. हात धरून पोझिशन दाखवायची असेल तर आधी विचारा, आणि शक्यतो स्वतः करून दाखवा. एकट्या मुलीला पर्सनल मेसेज नको, पालकांच्या ग्रुपवरच टाका.

आणि पालक. सीझनच्या आधी एक मीटिंग घ्या, त्यात पिचची लिमिट, पोझिशन फिरवणार आहे, आणि मॅच चालू असताना सूचना फक्त कोच देणार हे स्पष्ट सांगा. बॅटिंगला उभ्या मुलीला बाबा, मामा आणि कोच तिघं तीन गोष्टी सांगत असले तर ती स्विंगच करत नाही. तक्रार असेल तर मॅचनंतर लगेच नको, दुसऱ्या दिवशी फोन करा असं सांगा, आणि फोन आला की उचला.