पावसाळ्यात कुजणारी एचेवेरिया अशी वाचवली

जुलै महिन्यात ठाण्यातील आमच्या गॅलरीतल्या एचेवेरिया या जाड, रसाळ पानांच्या रोपाची खालची पाने पिवळसर व काचेसारखी पारदर्शक झाली आणि बोट लागताच गळू लागली. पाणी कमी पडले तर याच पानांवर सुरकुत्या पडतात. पारदर्शक पान मात्र मुळाशी ओल साचल्याचे लक्षण असते. म्हणून रोप कुंडीतून बाहेर काढले, तेव्हा रोपवाटिकेतून आलेला कोकोपीटचा (नारळाच्या काथ्याच्या भुशाचा) गोळा मुळांना घट्ट चिकटलेला आणि वरून कोरडा दिसत असूनही आतून चिंब असल्याचे आढळले.

स्पिरिटने पुसलेल्या ब्लेडने मी खोड खालून थोडे थोडे कापत गेलो आणि कापाच्या मध्यभागी तपकिरी ठिपका दिसत होता तोवर थांबलो नाही, कारण तेवढीशी कूज मागे राहिली तरी ती पुन्हा वर चढते. स्वच्छ, हिरवट-पांढरा काप लागल्यावर, जखम पूर्ण सुकून कडक होईपर्यंत शेंडा हवेशीर सावलीत ठेवला. पाणी पानांतच साठलेले असल्याने घाई करण्याचे कारण नसते.

नव्या मिश्रणात जाड वाळू, विटेचे बारीक तुकडे व परलाइट (हलके, सच्छिद्र पांढरे खडे) मिळून तीन भाग आणि गांडूळखत एक भाग घेतले. विटेची भुकटी चाळून काढणे फार आवश्यक आहे. ती तळाशी बसून छिद्रे बुजवते. या मिश्रणात शेंड्याला नवी मुळे फुटली आहेत. कुंडी आता पावसाच्या झडीपासून दूर, पण भरपूर उजेडात असते आणि उचलून हलकी लागली तरच तिला पाणी घालतो.