इन्व्हर्टरची बॅटरी तपासताना या चुका टाळा

मल्टीमीटर लावायचा, १३ व्होल्ट दिसले की ‘बॅटरी एक नंबर’ म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. ही चूक बघून बघून आता चीड येते. चार्जिंग चालू असताना किंवा नुकतंच थांबल्यावर आकडा फुगलेलाच असतो. इन्व्हर्टर बंद करा, आधी निगेटिव्हची वायर काढा आणि बॅटरी तीन-चार तास तशीच राहू द्या. मी तर रात्रभर ठेवतो. त्यानंतर १२.६ च्या पुढे आकडा आला तर चार्जिंग पूर्ण झालंय, एवढंच कळतं. बॅकअप किती मिळेल ते नाही.

ओळखीच्या एका काकूंना असंच मीटर लावून दुकानदाराने सांगितलं होतं, बॅटरी चांगली आहे, इन्व्हर्टर बदला. मी सहाही झाकणं उघडून प्रत्येक सेलमध्ये हायड्रोमीटर (अ‍ॅसिडची घनता, म्हणजे ग्रॅव्हिटी मोजायची नळी) लावला. पाच सेल १२४० च्या आसपास, चौथा मात्र ११२०. मग दोन पंखे आणि ट्यूब लावून मेन स्विच पाडला. १२.४ वरून काही मिनिटांतच १०.५ च्या खाली, आणि इन्व्हर्टर ओरडायला लागला. सेल एकामागे एक जोडलेले असतात, त्यामुळे एक बसला की पाच चांगले असून उपयोग नाही. इन्व्हर्टर ठणठणीत होता!

पाणी टाकल्या टाकल्या ग्रॅव्हिटी बघू नका. पाणी हलकं, ते वरच राहतं आणि रीडिंग खोटं कमी येतं. फुल चार्ज करून दुसऱ्या दिवशी बघा. एवढा धीर नसणारेच पुढे ग्रॅव्हिटी वाढवायला अ‍ॅसिड ओततात. हा शॉर्टकट मला अजिबात मान्य नाही. आकडा वाढतो, प्लेटा मात्र लवकर कुजतात.

टर्मिनलवर वायर टेकवून ठिणगी बघणं तर कधीच नको. चार्जिंगमध्ये हायड्रोजन निघतो, बॅटरी फुटू शकते.

नळाचं किंवा आरओचं पाणी नको, डिस्टिल्डच घाला.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी पूड असेल तर आधी झाकणं घट्ट लावून खाण्याच्या सोड्याच्या गरम पाण्याने धुवा, मगच मीटर लावा.

माझी सवय म्हणजे दर दिवाळीआधी तेच पंखे, तीच ट्यूब लावायची आणि बॅकअप किती मिनिटं मिळाला ते मार्करने बॅटरीवरच लिहायचं. वेळ निम्म्यावर आली की नवीन बॅटरीचे पैसे बाजूला काढायला सांगतो. बीप वाजला की मात्र लगेच चार्जिंगला लावा. रिकामी ठेवली तर प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं.