माणदेशात पर्यावरणपूरक वस्ती उभारायची तर: इसार देण्याआधीची तयारी

जमीन बघायला मे महिन्यात जा. श्रावणात माण-खटावचा माळ हिरवागार असतो, ओढा वाहता असतो आणि दाखवलेलं कुठलंही रान पसंत पडतं. मेमध्ये शेजारच्या विहिरीत डोकावा, बोअरला किती फुटांवर पाणी लागलं ते विचारा आणि गावात टँकर कधी सुरू होतो हे बायकांना विचारा. त्यांच्याइतकं नेमकं कुणी सांगत नाही.

मग कागद-पेन्सिल घ्या. माणसी रोज ५५ लिटर पाणी धरा. ग्रामीण नळयोजनांचा हिशेबही हाच असतो. वीस माणसांना रोज १,१०० लिटर, म्हणजे आठ कोरड्या महिन्यांना २ लाख ६४ हजार. आता छप्पर मोजा. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. वर्षाचा पाऊस ५०० मिलिमीटर धरला, तर १०० चौरस मीटरच्या छपरावर ५० हजार लिटर पडतं आणि वाया जाऊन ४० हजार हाती येतं. सगळा खर्च त्यात भागणार नाही. पिण्या-स्वयंपाकाला मात्र माणसी पाच लिटर धरले तर २४ हजार लागतात आणि तेवढं या एका छपरातून निघतं. म्हणून घरांच्या आधी झाकलेली टाकी आणि माथ्यावरचे समतल चर, म्हणजे उताराला आडवे, एकाच पातळीत खणलेले, पाणी जिरवणारे चर. किती कुटुंबं घ्यायची हा आकडाही पाण्यावरूनच ठरवा. उत्साहावर ठरवला की तिसऱ्या उन्हाळ्यात टँकर दारात येतो.

कागदपत्रांत सातबारा, आठ-अ आणि जुने फेरफार काढा. भोगवटादार वर्ग २ दिसला, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन असली, तर थांबा. सातबाऱ्यावरच्या इतर हक्कातला बोजा, म्हणजे जमिनीवरचं कर्ज वगैरे, वाचा, सरकारी मोजणी करून घ्या, रानात जायची वाट नकाशावर आहे का ते बघा. १९४८ च्या कूळकायद्यामुळे शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही, तेव्हा गटात कुणाच्या नावे सातबारा आहे हे आधीच विचारा. एकाच्या नावे जमीन आणि पैसा सगळ्यांचा, असं तोंडी ठरवू नका. बिगरशेती परवानगीचं तालुक्याच्या वकिलाकडून लेखी घ्या.

काहींना कास-महाबळेश्वरकडची हिरवळ ओढते. महाबळेश्वर-पाचगणी २००१ पासून पर्यावरण संवेदनशील क्षेत्र आहे आणि कासचं पठार २०१२ पासून जागतिक वारशात आहे. निसर्गाला धक्का लागू नये असं मनापासून वाटत असेल, तर तिकडे नवं घर बांधू नका. उजाड माळाला माणसांची खरी गरज आहे.

बांधकामासाठी धाब्याचं घर बांधलेला जुना गवंडी शोधा. काळ्या दगडाच्या जाड भिंती आणि वर पांढऱ्या मातीचं धाबं हे त्या उन्हाला उत्तम उत्तर आहे. फक्त दर पावसाळ्याआधी माती पुन्हा चोपायला हवी. संडास दोन खड्ड्यांचा, विहिरीपासून लांब. एक खड्डा भरला की चेंबरमधलं त्याचं तोंड विटेनं बंद करून दुसरं उघडायचं. पहिल्यातलं दीड-दोन वर्षांनी कोरडं, वास नसलेलं खत होतं. मैला उपसायला कुणाला उतरवायचं नाही, ही अट पहिल्या दिवसापासून पाळा.

गावाशी बोलणं खरेदीनंतरवर टाकू नका. ग्रामसभेत बसा, मेंढरं कुठून जातात ते समजून घ्या आणि कुंपण त्या वाटेवर घालू नका. खोल बोअर पाडून उपसलेलं पाणी शेजाऱ्याच्या विहिरीचंही असतं. सांगलीच्या खानापूर तालुक्यात येरळा नदीवरचं बळीराजा स्मृती धरण एकदा बघून या; दुष्काळी गावांनी ते स्वतः उभारलं आणि समन्यायी पाणीवाटपाचा आग्रह धरला. कोरेगाव तालुक्यातलं वेळूही बघा. २०१६ च्या पहिल्या वॉटर कपमध्ये, म्हणजे पाणी फाउंडेशनच्या गावागावांतल्या जलसंधारण स्पर्धेत, या गावानं श्रमदानातून पहिला क्रमांक मिळवला.

विजेचं सोपं आहे: एक किलोवॉट सोलरवर दिवसाला साधारण चार युनिट मिळतात, त्यात पंप आणि दिवे बसवा.

उरतो गटाचा करारनामा. कुणी सोडून गेलं तर किती रक्कम परत, किती महिन्यांत, घर कुणाला देता येईल, वारसांचं काय, हे सगळं पहिला रुपया गोळा व्हायच्या आधी लिहून घ्या आणि घरातल्या बायकांच्याही सह्या घ्या.