ऑइल गळतीचं एस्टिमेट: सील काही शे रुपयांचं, बिल वीस हजारांचं का?

बहुतेक छोट्या गाड्यांत मागचं क्रँक ऑइल सील (इंजिनचा मुख्य दांडा, म्हणजे क्रँकशाफ्ट, जिथे मागून बाहेर येतो तिथे ऑइल अडवणारी रिंग) काही शे रुपयांना मिळतं आणि ते बदलण्याचं एस्टिमेट वीस हजारांच्या पुढे जाऊ शकतं. दरवेळी यात लबाडी असतेच असं नाही. हे सील इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये, फ्लायव्हीलच्या आड बसलेलं असतं. तिथवर हात पोचायला ड्राइव्ह शाफ्ट काढायचे, गिअरबॉक्स उतरवायचा, क्लच आणि फ्लायव्हील सोडवायचं आणि सील बसवून सगळं परत जोडायचं. पैसे पडतात ते या उघडझाकीचे आणि तिच्यासोबत बदलल्या जाणाऱ्या पार्टांचे.

म्हणून आकड्यावर घासाघीस करण्याआधी एकच गोष्ट पक्की करा: ऑइल खरंच तिथूनच येतंय का?

ऑइल खाली ओघळतं आणि गाडी पळताना वाऱ्याने मागे ढकललं जातं. त्यामुळे वर टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनच्या माथ्यावरच्या झाकणाच्या, पॅकिंगमधून सुटलेलं ऑइल इंजिनच्या पाठीवरून उतरून नेमकं गिअरबॉक्सच्या सांध्यापाशी थेंबथेंब पडतं. खालून पाहणाऱ्याला ते मागच्या सीलचंच वाटतं. टॅपेट कव्हरचं पॅकिंग बदलणं चार सिलिंडरच्या साध्या पेट्रोल इंजिनात एक-दोन तासांचं काम आहे. चुकीच्या निदानावर गिअरबॉक्स उतरवला, तर पैसे जातात आणि डाग तसाच राहतो.

खात्री करायची पद्धत सोपी आहे, फक्त घाई चालत नाही. इंजिन थंड असताना बाहेरून डीग्रीझरने स्वच्छ करून घ्या. अल्टरनेटर आणि वायरिंगच्या जोडण्या प्लास्टिकने झाका, प्रेशरचं पाणी मारू देऊ नका. मग शंभर-दीडशे किलोमीटर गाडी चालवा, लिफ्टवर घ्या आणि ओल जिथे सगळ्यात उंचावर दिसते ती जागा शोधा. गळतीचा उगम तिथे किंवा त्याच्या वर असतो. तरीही कळत नसेल तर ऑइलमध्ये यूव्ही डाय (चमकणारा रंग) टाकून अल्ट्राव्हायोलेट टॉर्चखाली बघता येतं. गॅरेजवाल्याकडे त्या जागेचा फोटो किंवा व्हिडिओ मागा. ज्याने नीट पाहिलंय तो लगेच दाखवतो.

स्वस्त जागा आधी तपासून घ्या. ड्रेन बोल्टचा (जुनं ऑइल काढायच्या बोल्टचा) वॉशर दरवेळी नवा लागतो. जुनाच ठेवून बोल्ट जास्त आवळला तर ॲल्युमिनियमच्या चेंबरचे (इंजिनखालच्या ऑइलच्या भांड्याचे) आटे जातात. फिल्टर बदलताना जुन्याचा रबर रिंग इंजिनलाच चिकटून राहिला आणि त्यावर नवा फिल्टर बसला, की दोन रिंगांमधून ऑइल जोरात सुटतं. सर्व्हिसिंगनंतर लगेच गळती सुरू झाली असेल तर याच दोन जागा पहिल्या बघा. ऑइल प्रेशर स्विचही गळतो. तो बदलणं किरकोळ काम आहे.

एक तपासणी बरेचदा राहून जाते: ब्रीदर, म्हणजे पीसीव्ही व्हॉल्व्ह. तो चोंदला की इंजिनच्या पोटात दाब साठतो आणि ऑइलला जिथे वाट मिळेल तिथून ते बाहेर पडतं. पेट्रोल गाडीत इंजिन आयडलला असताना ऑइल भरायचं झाकण काढून तोंडावर जाड कागद धरा, मात्र सैल कपडे आणि हात पट्ट्यापासून दूर ठेवा. कागद किंचित ओढला गेला किंवा स्थिर राहिला तर ठीक. जोराने उडत असेल तर ब्रीदर चोंदलाय किंवा पिस्टन रिंग झिजल्यात. ते दुरुस्त न करता नवं सील बसवलं तर तेही गळायला लागेल.

आता एस्टिमेट वाचू. समजा, पुढे इंजिन असलेल्या मॅन्युअल गाडीचं आलंय: मागचं सील ९००, क्लच सेट ७,२००, गिअर ऑइल १,५००, इंजिन ऑइल आणि फिल्टर २,६००, सिलिकॉन-क्लीनर ३००, लेबर ५,५००. बेरीज १८,०००, वर १८ टक्के जीएसटी ३,२४०, एकूण २१,२४०. (२२ सप्टेंबर २०२५ पासून गाडीच्या सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के दर आहे. कुणी २८ टक्के लावले असतील तर विचारा.)

यातलं गळतीचं काम म्हणजे सील, गिअर ऑइल, सिलिकॉन आणि लेबर: ८,२०० अधिक कर, म्हणजे ९,६७६. गिअर ऑइलला नाक मुरडू नका, ड्राइव्ह शाफ्ट काढले की ते सांडतंच. इंजिन ऑइल मात्र चेंबर उतरवायचा नसेल तर बहुतेक वेळा काढावं लागत नाही. नुकतीच सर्व्हिसिंग झाली असेल तर ते २,६०० वगळायला सांगा. क्लचचा निर्णय प्लेट पाहून घ्या. ती अर्ध्याहून जास्त झिजली असेल किंवा तिच्यावर ऑइल आलं असेल तर आत्ताच बदलणं शहाणपणाचं, कारण पुढे फक्त क्लचसाठी तेच लेबर पुन्हा द्यावं लागेल. प्लेट चांगली असेल तर हा खर्च टाळता येतो. गिअरबॉक्स उतरल्यावर प्लेटचा फोटो मागवा आणि मगच होकार द्या.

सीलचा पार्ट नंबर आणि कंपनी लेखी घ्या. इथे लोकल माल वापरून दोनशे रुपये वाचवण्यात अर्थ नाही. जुने पार्ट परत मागा, आणि याच जागी पुन्हा गळती झाली तर लेबर फुकट करून देणार का, हे बिलावर लिहून घ्या.

दुरुस्ती लगेच हवी की थांबता येईल? सांधा नुसता घामेजलेला असेल, थेंब पडत नसेल, तर दर आठवड्याला डिपस्टिक बघत काही महिने काढता येतात. बहुतेक छोट्या गाड्यांत डिपस्टिकच्या वरच्या आणि खालच्या खुणेत साधारण एक लिटरचा फरक असतो. हजार किलोमीटरमध्ये पातळी वरून खाली येत असेल तर थांबू नका. ऑइल गरम एक्झॉस्टवर पडून जळका वास येणं, टायमिंग बेल्टवर ऑइल येणं, क्लच सरकणं, यांतलं काहीही दिसलं तर काम लगेच करा. ऑइलचा लाल दिवा लागला तर गाडी कडेला घेऊन तिथल्या तिथे इंजिन बंद करा, गॅरेजपर्यंत चालवत नेऊ नका.

गळती थांबवणाऱ्या बाटल्या रबर फुगवून थोडे दिवस काढतात, फाटलेलं सील जोडत नाहीत.

गाडी हातात आल्यावर इंजिनखाली रात्रभर पुठ्ठा ठेवा आणि दोनशे किलोमीटर झाल्यावर पुन्हा लिफ्टवर घेऊन तोच सांधा बघा. पहिले एक-दोन दिवस जळकट वास आला तर घाबरू नका. आधी सांडलेलं ऑइल जळून संपतंय. आठवड्यानंतरही वास राहिला तर बिल घेऊन परत जा.