एका पगारात भाडं: आधी चाकरमान्यांची बंद घरं विचारा

रत्नागिरी शहरातलं फ्लॅटचं भाडं एका पगारात झेपत नसेल, तर एजंटाला फोन करण्याआधी मिरजोळे, शिरगाव, भाट्ये या बाजूला बंद घरं बघा. मालक मुंबईत, दाराला कुलूप, आत फक्त वाळवी. घर कुणाचं ते वाडीतला दुकानदार सांगतो.

मालकाशी बोलताना:

१. भाडं कमी मागा. बदल्यात झाडलोट, वीजबिल आणि पावसाआधी कौलं शाकारून घ्यायची देखरेख तुमची. शाकारणीचे पैसे मात्र मालकाचे, हे तेव्हाच ठरवा. नंतर वाद याच्यावरूनच होतात.

२. एक खोली त्यांच्या कुलपात राहू द्या. गणपतीला नि शिमग्याला ते येणारच.

३. 'उद्या कूळ लागेल', म्हणजे भाडेकरू घरावर हक्क सांगेल, ही धास्ती मालकाला असतेच. ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार (फक्त राहायची परवानगी, घरावर हक्क नाही) ऑनलाइन नोंदवू, खर्च माझा, असं आपणहून म्हणा. ग्रामीण भागात नोंदणी फी ५०० रुपये, मुद्रांक शुल्क वेगळं. बहुतेकदा गाडी इथेच पुढे सरकते.

एप्रिल-मेमध्ये विहिरीला पाणी राहतं का, हे मालकाला नको, शेजारच्या काकूंना विचारा.