जुन्या सहा सिलिंडर इम्पालाला ओव्हरड्राइव्ह ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसवताना

१९६५ पासूनच्या सहा सिलिंडर शेव्हरलेट इम्पालामध्ये अनेकदा पॉवरग्लाइड हा दोनच गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आढळतो. पहिल्या गिअरचे गुणोत्तर १.८२ आणि दुसरा थेट १.००, त्यामुळे उठाव मंद असतो आणि मोकळ्या रस्त्यावर इंजिन उगाच ओरडत राहते. मागचे डिफरन्शियल ३.३६ चे आणि टायरचा बाहेरचा व्यास २७ इंच धरला, तर ताशी १०० किलोमीटरला इंजिन मिनिटाला सुमारे २,६०० फेरे घेते. ०.६७ चा ओव्हरड्राइव्ह (इंजिनापेक्षा शाफ्ट जास्त वेगाने फिरवणारा वरचा गिअर) मिळाला की हाच आकडा १,७५० च्या आसपास येतो. जालन्याहून समृद्धी महामार्गाला लागणाऱ्याला हा फरक लगेच जाणवेल. मात्र तेथील १२० च्या वेगमर्यादेचा मोह चारही चाकांना ड्रम ब्रेक असलेल्या गाडीत धरू नये.

पर्याय मुख्यतः दोन आहेत. १९८२ मध्ये आलेल्या ७००आर४ या गिअरबॉक्सचा पहिला गिअर ३.०६ चा असल्याने उठाव उत्तम मिळतो. पण तो पॉवरग्लाइडपेक्षा सुमारे ३ इंच लांब असल्यामुळे प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या डिफरन्शियलपर्यंत जाणारा दांडा) कापावा लागतो. १९८१ चा २००-४आर लांबीने जवळपास पॉवरग्लाइडइतकाच असून त्याची गुणोत्तरे २.७४, १.५७, १.०० आणि ०.६७ अशी आहेत. तो ताकदीला कमी मानला जातो, परंतु सहा सिलिंडरच्या इंजिनाचा जोर तो सहज पेलतो, म्हणून या कामासाठी माझी पसंती त्यालाच आहे. परदेशातून मागवताना बेलहाऊसिंगच्या (गिअरबॉक्सचा इंजिनाला जोडला जाणारा पुढचा भाग) बोल्टांची मांडणी शेव्हरलेटची आहे याची छायाचित्रावरून खात्री करावी, कारण काही २००-४आर केवळ ब्यूक, ओल्ड्समोबाइल आणि पॉन्टियाकच्या मांडणीचे असतात. २३० आणि २५० घनइंची सहा सिलिंडर इंजिनांची मागची मांडणी शेव्हरलेटच्या व्ही-८ सारखीच असल्याने वेगळा अडॅप्टर लागत नाही. १९५८ ते १९६४ च्या इम्पालाची एक्स आकाराची चेसिस आणि दोन तुकड्यांचा शाफ्ट हे प्रकरण निराळे आहे. पुढील वर्णन त्या गाड्यांना लागू नाही.

चेसिसला कटर लावू नये. ५० वर्षांहून जुन्या गाडीला व्हिंटेज नोंदणी हवी असेल, तर २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार चेसिस, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा लागतो. २००-४आर चे मागचे मौंटिंग जुन्या जागेपेक्षा साधारण साडेसहा इंच मागे येते; त्यासाठी क्रॉसमेंबर (गिअरबॉक्सला खालून आधार देणारी आडवी पट्टी) मागे सरकवून बोल्टने बसणारे ब्रॅकेट वाळूजच्या एखाद्या चांगल्या फॅब्रिकेटरकडून करून घ्यावेत, वेल्डिंग करू नये.

गाडी उचलताना घोड्या (जॅक स्टँड) काँक्रीटवरच ठेवाव्यात. आपल्याकडची काळी माती वरून कितीही टणक वाटली तरी एका पावसात मऊ होते आणि घोडी तिरपी होते. बॅटरीची वायर काढून, ऑइल गाळून, शाफ्ट उतरवून जुना गिअरबॉक्स जॅकवर उतरवावा.

नवा चढवण्याआधी टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाचा जोर ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग) हाताने फिरवत पूर्ण आत बसवावा; पंपाच्या खाचेत तो शेवटी धप्प असा खाली उतरला पाहिजे. बेलहाऊसिंग इंजिनाला हाताने घट्ट टेकल्यावर कन्व्हर्टर आणि फ्लेक्सप्लेट (इंजिनामागची, कन्व्हर्टर जिला बोल्टने जोडतात ती चकती) यांच्यात ३ ते ५ मिलिमीटर फट राहायला हवी. फट नसेल आणि तरीही बोल्ट आवळून बेलहाऊसिंग ओढून घेतले, तर पंप पहिल्याच स्टार्टला फुटतो. कन्व्हर्टरच्या बोल्टांचे वर्तुळ १०.७५ किंवा ११.५ इंचाचे असते, तेव्हा जुनी फ्लेक्सप्लेट जुळते का हे मोजून पाहावे. शाफ्टचा योक (गिअरबॉक्समध्ये शिरणारे टोक) २७ स्प्लाइनचा, म्हणजे खाचांचा असल्याने जुनाच चालतो. तो आत टेकण्यापूर्वी साधारण २० मिलिमीटर जागा शिल्लक असावी. शाफ्टच्या सांध्यांतले क्रॉस मात्र नवेच घालावेत.

सगळ्यात जास्त वेळ द्यावा तो टीव्ही, म्हणजे थ्रॉटल व्हॉल्व्ह, केबलला. गॅरेजमध्ये तिला किकडाउनची (पेडल जोरात दाबल्यावर खालचा गिअर घालणारी) वायर समजून ढिली सोडतात आणि तेथेच गिअरबॉक्सचे आयुष्य संपते. ॲक्सिलरेटर किती दाबला आहे त्यानुसार आतील ऑइलचा दाब वाढवणारी ही केबल आहे. ती ढिली असेल तर क्लच घसरतात आणि थोड्याच अंतरात जळतात. सहा सिलिंडरच्या एकाच बॅरलच्या कार्ब्युरेटरवर केबलसाठी योग्य जागा नसते, म्हणून थ्रॉटलच्या दांड्यावर पत्र्याचा लिव्हर करावा लागतो. थ्रॉटलच्या या दांड्याच्या मध्यापासून केबलच्या पिनचे अंतर सुमारे २८ मिलिमीटर ठेवावे, केबल सरळ रेषेत ओढली जाईल असा ब्रॅकेट लावावा, आणि एकाने पेडल पूर्ण दाबून धरले असता दुसऱ्याने बॉनेटखाली पाहावे: थ्रॉटल पूर्ण उघडल्याच्या क्षणीच केबल पूर्ण ओढली गेली पाहिजे, आधी नाही आणि नंतरही नाही. दाबमापक जोडून पेडलबरोबर दाब चढतो याची खात्री झाल्याशिवाय गाडी गेटबाहेर काढू नये.

कन्व्हर्टरच्या लॉकअपला (कन्व्हर्टरला इंजिनाशी थेट जखडणारा क्लच) १२ व्होल्टचा पुरवठा ब्रेकच्या स्विचमधून द्यावा, म्हणजे ब्रेक दाबताच लॉकअप सुटतो आणि थांबताना इंजिन बंद पडत नाही. लॉकअप न जोडता ओव्हरड्राइव्हमध्ये गाडी पळवली तर ऑइल तापते, आणि मे महिन्यात पारा ४० च्या वर असताना रेडिएटरच्या टाकीतील कूलर पुरत नाही. रेडिएटरच्या पुढे स्वतंत्र कूलर लावावाच.

डेक्स्रॉन-३ ऑइल थोडे भरून इंजिन चालू करावे, ब्रेक धरून प्रत्येक गिअरमधून दांडा फिरवावा आणि मग पार्कमध्ये, इंजिन चालू असतानाच, डिपस्टिक पाहत पातळी पुरी करावी. पहिली चाचणी सपाट रस्त्यावर घ्यावी. कन्नडजवळच्या औट्रम घाटात मात्र ओव्हरड्राइव्ह काढून तिसऱ्यावर चढावे, कारण इतक्या कमी फेऱ्यांवर हे इंजिन चढावर दम टाकते आणि गिअरबॉक्स तिसऱ्या-चौथ्यात सारखा अदलाबदल करत राहतो.