पाण्याला वाट ठेवलेला बोर्ड

मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकट्याने केलेला पहिला लाइटचा बोर्ड गोव्यातल्या डिचोलीत एका औषधांच्या दुकानावर मे महिन्यात चढला. आठ फूट बाय तीन फूट, पुढे दुधी अ‍ॅक्रिलिक, आत एलईडी. चारही कडांना मी मन लावून सिलिकॉन भरलं होतं, कुठे केसाएवढीही फट राहू दिली नव्हती. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात दुकानदारांचा फोन आला, बोर्डाचा खालचा अर्धा भाग काळा पडलाय. शिडी लावून खालचा एक स्क्रू काढला तशी पाण्याची धार कोपरावरून अंगावर आली. वरच्या कुठल्यातरी स्क्रूच्या भोकातून थेंब थेंब पाणी आत गेलं होतं आणि मीच भरलेल्या सिलिकॉनने ते आत कोंडून ठेवलं होतं.

ज्यांच्या हाताखाली मी शिकलो त्यांना आम्ही सगळे मेस्तमामा म्हणायचो. ते रागावले नाहीत. कोंकणीत एवढंच म्हणाले, "उदक भितर सरतलेंच. ताका भायर वचपाक वाट दी." पाणी आत जाणारच, त्याला बाहेर पडायला वाट दे. मग खालच्या पट्टीला तळातून दर फुटाला एक अशी 8 मिलिमीटरची भोकं पाडली आणि आतून बारीक जाळी लावली, नाहीतर पाली आत शिरतात आणि एसएमपीएसच्या (230 व्होल्टचे 12 व्होल्ट करून एलईडीला देणाऱ्या डब्याच्या) ऊबेला अंडी घालतात. तेव्हापासून माझा नियम ठरला. वरची कड आणि दोन्ही बाजू बंद करायच्या, खालची कड मोकळी ठेवायची. गोव्यात वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. इथे बोर्ड शिकायचा तर आधी पाणी शिकावं लागतं, हे मला कुणी पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. म्हणून तुम्हाला सांगतोय.

या कामाचं वेगळं कॉलेज नाही. मी आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा दोन वर्षांचा ट्रेड केला आणि मग म्हापशात एका वर्कशॉपमध्ये लागलो. माझ्याबरोबरचा मुलगा वेल्डरचा एक वर्षाचा ट्रेड करून आला होता, तिसरा डिझाइनमधून. तिघांनाही अर्धंच काम येत होतं. यातलं काहीही शिकून या, चालेल, पण पहिले सहा महिने दुसऱ्याच्या टेबलाशी उभं राहा. मला वेल्डिंग येत नव्हतं म्हणून मी फ्रेमच्या चुका ओळखू शकत नव्हतो, आणि फ्रेम चुकली की लाइटिंग कितीही चांगलं करा, बोर्ड वाकडाच दिसतो.

फ्रेम बहुतेक एक इंची चौकोनी पाइपची असते. साधा लोखंडी पाइप स्वस्त पडतो, पण कळंगुट, बागा, कोलव्याकडे खाऱ्या वाऱ्यात त्याला दोन पावसाळ्यांत फोड येतात. जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेला पाइप घेतला तरी वेल्डिंगच्या जागी जस्त जळून जातं, आणि गंज बरोबर तिथूनच सुरू होतो. म्हणून प्रत्येक टाका घासून त्यावर झिंकचा प्रायमर मारायचा, मग रंग. जीआयचं वेल्डिंग बंद खोलीत करू नका, जस्ताच्या धुराने ताप भरतो. मी एकदा दोन दिवस अंथरुणात होतो. समुद्राजवळच्या कामाला मी आता अ‍ॅल्युमिनियमचं सेक्शनच सुचवतो आणि स्क्रू स्टेनलेसचे वापरतो. ग्राहकाला दर जास्त वाटतो, त्याला शेजारचा तीन वर्षांचा गंजलेला बोर्ड दाखवायचा. बोलायची फारशी गरज पडत नाही.

पुढच्या भागाला दोन रस्ते आहेत, बॅकलिट फ्लेक्स, म्हणजे मागचा उजेड पुढे येऊ देणारा, किंवा अ‍ॅक्रिलिक. फ्लेक्स हलका आणि स्वस्त, पण सैल पडतो, त्यामुळे तो उन्हात तापलेला असताना ताणून बसवायचा. साधा फ्रंटलिट फ्लेक्स बोर्डात वापरू नका, दिवसा बरा दिसतो आणि रात्री मागच्या पाइपच्या सावल्या उठतात. अ‍ॅक्रिलिकचं वागणं वेगळं. ते उन्हाने फुगतं. एक मीटरची शीट एक अंश तापमानाला सुमारे 0.07 मिलिमीटर वाढते, म्हणजे आठ फुटी शीट 30 अंशांच्या फरकाने 5 मिलिमीटर. सकाळी थंडीत घट्ट स्क्रू मारलेली शीट दुपारी स्क्रूपाशी तडकते. भोक स्क्रूपेक्षा मोठं ठेवायचं आणि कडेला सरकायला जागा द्यायची.

आता लाइट. नवीन मुलांचा गोंधळ इथेच सगळ्यात जास्त होतो, म्हणून एक हिशोब पूर्ण मांडतो. तोच आठ बाय तीनचा बोर्ड घ्या, खोली सहा इंच. मॉड्यूल म्हणजे एलईडीच्या छोट्या पट्ट्या. त्यांच्यामधलं अंतर बोर्डाच्या खोलीपेक्षा जास्त ठेवू नये, नाहीतर पुढे ठिपके दिसतात. भिंगवाली मॉड्यूल सहा-सहा इंचांवर लावली तर एका ओळीत 16 आणि अशा 6 ओळी, म्हणजे 96 मॉड्यूल. एक दीड वॅटचं धरलं तर 144 वॅट. 12 व्होल्टवर भागलं की 12 अँपियर. एसएमपीएस त्याच्या ताकदीच्या 80 टक्क्यांपुढे चालवायचा नाही, म्हणजे 15 अँपियर लागले, बाजारात 200 वॅटचा मिळतो, तो घ्या. बंद डब्यात दुपारचं ऊन खाऊन संध्याकाळी चालू होणाऱ्या वस्तूला श्वास घ्यायला ती जागा लागतेच. मी सुरुवातीला 150 वॅटचा लावून पैसे वाचवले होते, तो पहिल्या चवथीलाच, म्हणजे गणेश चतुर्थीला गेला, आणि सणाच्या दिवशी अंधार झालेल्या दुकानदारापुढे उभं राहणं मला आजही आठवतं.

वायर विसरू नका. 12 व्होल्टचा करंट लांब नेला की वाटेत व्होल्टेज गळतं. एक चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीतून 12 अँपियर पाच मीटर नेले तर जाऊन-येऊन दोन व्होल्टहून जास्त कमी होतात, आणि टोकाची मॉड्यूल पिवळट, मंद दिसतात. एसएमपीएस बोर्डाजवळ ठेवा, दोन्ही टोकांकडून फीड द्या, वायर अडीचची वापरा. मॉड्यूल एकाच खोक्यातली, एकाच लॉटची घ्या आणि दहा जास्तीची ठेवून द्या. दोन लॉटच्या पांढऱ्यात फरक असतो. एक निळसर, एक पिवळसर, आणि लावल्यावर तो प्रत्येकाला दिसतो.

मॉड्यूलकडचे 12 व्होल्ट तुम्हाला काही करत नाहीत. 230 व्होल्टची बाजू मात्र पावसात भिजलेल्या लोखंडी फ्रेमला लागली तर माणूस जातो. फ्रेमला अर्थिंग, मागे 30 मिलिअँपियरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आणि स्वतंत्र एमसीबी (जास्त भार आला की पडणारा स्विच), यातलं एक जरी कमी असेल तर बोर्ड चालू करू नका, मालकाने कितीही घाई केली तरी. मुख्य जोडणी परवाना असलेल्या वायरमनकडून करून घ्या. वायर बोर्डात खालून घाला आणि आत शिरण्याआधी तिला खाली एक झोल द्या, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी झोलातून टपकतं, आत जात नाही. हे झोलाचं काम सगळ्यात सोपं, आणि तेच सगळ्यात जास्त विसरलं जातं.

देवनागरी अक्षरांबद्दल थोडं. फाइल प्रिंटला पाठवताना अक्षरं नेहमी कर्व्हमध्ये करून, म्हणजे फॉन्ट न लागणाऱ्या आकारांत बदलून पाठवा. जुन्या फॉन्टमधली फाइल समोरच्या मशीनवर उघडली की 'श्री' मोडते, रफार भलत्याच अक्षरावर चढतो. अ‍ॅक्रिलिकची उठावाची अक्षरं करताना इंग्रजीपेक्षा देवनागरी अवघड असते. शिरोरेषेमुळे पूर्ण शब्द एकच डबा होतो, तो वाकतो, त्याला मागून आधार द्यावा लागतो. अनुस्वार आणि मात्रा सुट्या राहतात आणि अनुस्वाराच्या ठिपक्यात मॉड्यूल मावत नाही. 'आनंद' मधला अनुस्वार विझलेला राहिला तर रात्री रस्त्यावरून 'आनद' वाचलं जातं. मी अनुस्वार थोडा मोठा काढून घेतो आणि त्यात एकच छोटं मॉड्यूल बसवतो. आपल्या माणसांची नावं आपल्या लिपीत नीट उजळली पाहिजेत, याबाबतीत मी तडजोड करत नाही.

बसवायचा दिवस. गोव्यातल्या जुन्या इमारती चिऱ्याच्या आहेत. चिरा मऊ आणि भोकाभोकांचा दगड, अँकर फास्टनर, म्हणजे भोकात फुगून पकडणारा बोल्ट, घट्ट करत गेलं की तो आतल्या चिऱ्याचाच भुगा करतो. पहिल्या दिवशी सगळं घट्ट वाटतं, महिन्याभरात हाताने हलतं. भिंतीत सिमेंटचा बीम किंवा लिंटल (दार-खिडकीवरची आडवी तुळई) शोधा आणि भार तिथे घ्या. तो नसेल तर भिंतीच्या आरपार बोल्ट आणि आतून मोठी पट्टी, किंवा केमिकल अँकर, म्हणजे भोकात रसायन भरून चिकटवलेला बोल्ट. आपटून आवाज ऐकायची सवय लावा. पोकळ आवाज आला की जागा बदला.

वजनाची भीती सगळ्यांना असते, वाऱ्याची कुणालाच नसते. आपल्या आठ बाय तीनच्या बोर्डाची अ‍ॅक्रिलिक शीट आठ किलोंची. पण ताशी 120 किलोमीटरच्या वाऱ्यात त्याच बोर्डावर सुमारे 150 किलोंचा जोर येतो. मे 2021 मध्ये तौक्ते वादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेलं, त्यानंतरचे आठ दिवस मी पडलेले बोर्ड गोळा करत होतो. त्यांच्या फ्रेम शाबूत होत्या, उखडले होते ते भिंतीतले स्क्रू.

उंचीवर काम करताना कमरेचा पट्टा नको, पूर्ण अंगाचा हार्नेस हवा. वीज खात्याची तार जवळून जात असेल तर लांब पाइप हातात उभा धरू नका. खात्याला कळवून सप्लाय बंद करून घ्या, नाही मिळाला तर दुसऱ्या दिवशी या. पाऊस येतोय असं दिसलं की उतरा.

परवानगीचं मालकाला आधीच विचारा. गावात पंचायत, शहरात नगरपालिका, पणजीत महानगरपालिका. पणजीतल्या फोंतेन्याससारखा जुना भाग संवर्धन क्षेत्रात येतो, तिथे भिंतीला भोक पाडण्याआधी लेखी कागद पाहा. कागद नसताना बसवलेला बोर्ड काढायला गेलेला दिवस तुमचाच वाया जातो.

काम कधी मिळतं याचं चक्र कळलं की पैशाचं नियोजन जमतं. चवथ आटोपली की ऑक्टोबरच्या पर्यटनाच्या हंगामासाठी सगळे एकदम जागे होतात, दसऱ्याची उद्घाटनं त्यातच. डिसेंबरपर्यंत रात्रीही वेल्डिंग चालतं. जूनमध्ये हात रिकामे असतात, पण रिकामा जून शिकायला उत्तम. मी त्या महिन्यांत जळालेले एसएमपीएस उघडून बसायचो आणि मेस्तमामा समोर बसून काय गेलंय ते ओळखायला लावायचे.

मेच्या शेवटच्या आठवड्यात मात्र मी कुठलंही नवं काम घेत नाही. जुन्या ग्राहकांकडे फेरी मारतो, तळाची भोकं तारेने मोकळी करतो, कारण वर्षभराच्या धुळीने आणि मुंग्यांच्या मातीने ती बुजलेली असतात. आरसीसीबीचं बटण दाबून बघतो. प्रत्येक बोर्डाच्या आत एका कोपऱ्यात मी मार्करने तारीख, एसएमपीएसचे वॅट आणि मॉड्यूलचा लॉट लिहून ठेवतो, डिचोलीच्या त्या औषधांच्या दुकानाच्या बोर्डातही. तिथे त्याखाली दर वर्षीची एक तारीख आहे आणि पुढे एकच शब्द: कोरडा.